द्यायची साडी

दिवाळीच्या आठवडाभर आधी बुलढाण्यातल्या साडीच्या दुकानात शिरलं की गादीवरचा माणूस पहिला प्रश्न एकच विचारतो, “ताई, नेसायची दाखवू का द्यायची?”

नेसायची म्हटलं की कपाटं उघडतात. घड्या मोडतात, पदर मांडीवर पसरतो, पोरगा चहा सांगायला पळतो. द्यायची म्हटलं की मागच्या खोलीतून गठ्ठा येतो. पारदर्शक पिशव्या, रंग पाच-सहा, नक्षी एकच, भाव तीनशेपासून साडेचारशेपर्यंत. ह्या साडीची घडी कोणी मोडत नाही. घेणारीला ती नेसायची नसते आणि नेसणारीला कोणी दुकानात आणलेलं नसतं.

सलग तीन दिवाळ्या मी द्यायची साडी घेतली. पहिल्या वर्षी जांभळी, दुसऱ्या वर्षी पोपटी, तिसरीचा रंग आता आठवतही नाही. जिच्यासाठी घेतली ती देऊळघाटातल्या आमच्या गल्लीतली खाला. माझी मुलगी दहा महिन्यांची असल्यापासून तिच्याकडे राहिली. मी शेजारच्या गावी जिल्हा परिषदेच्या शाळेवर, नवरा बुलढाण्याला, सासूबाईंचे गुडघे गेलेले. सकाळी साडेनऊला लेकरू खालाच्या ओसरीवर सोडायचं, संध्याकाळी साडेपाचला उचलायचं. अशी सहा लेकरं तिच्याकडे. दारावर पाळणाघराची पाटी नाही. विचारलं तर म्हणते, “पाळणाघर कायचं वो ताई, लेकरं सांभाळतो.”

गेल्या दिवाळीआधी शाळेत मधल्या सुट्टीत मी एक गोष्ट बोलून बसले. म्हटलं, ज्यांची ज्यांची मुलं अशी कुणाकडे राहतात त्यांनी यंदा साडी न देता एक महिन्याची फी बोनस म्हणून द्यावी, आणि सुट्टीतली फी कापू नये. डबे उघडे होते ते उघडेच राहिले.

एक सर म्हणाले, “मॅडम, ती काय कंपनी आहे का? घरच्यासारखी बाई ती. तिच्या हातावर बोनस म्हणून नोटा टेकवल्या तर तिलाच कसंतरी होईल. साडीत आपुलकी असते.” एक मॅडम म्हणाल्या, “आणि एकदा दिलं की दरवर्षीचं झालं.” तिसऱ्या कोणीतरी, डब्याचं झाकण लावता लावता, “तुम्ही भाव बिघडवता.”

तिसरं वाक्य सगळ्यांत प्रामाणिक होतं, म्हणून त्याचा मला राग नाही. राग पहिल्याचा आहे. आपुलकीच्या त्या युक्तिवादाला त्या दिवशी मला नीट उत्तर देता आलं नाही, घंटा झाली. ते उत्तर आता लिहिते.

आधी माझाच हिशेब, कारण दुसऱ्याचा काढायचा तर स्वतःचा आधी मांडलेला बरा. खालाची फी महिन्याला बाराशे. दिवाळीची आम्हाला पंधरा दिवस सुट्टी. लेकरू पंधरा दिवस घरी, म्हणून मी त्या महिन्याचे सहाशेच द्यायचे. यात काही वावगं आहे असं मनातही आलं नाही, सगळेच तसं करतात. वर साडेतीनशेची साडी. म्हणजे एरवीच्या महिन्यात खालाला माझ्याकडून बाराशे, आणि वर्षाच्या सणाला, साडीची किंमत धरूनही, साडेनऊशे. सहापैकी चार घरं पगारदार, चौघांच्याही सुट्ट्या त्याच, चौघांचीही कापाकापी तीच. ज्या महिन्यात तेल, रवा, साखर, कपडे सगळं एकदम अंगावर येतं, त्याच महिन्यात तिची कमाई चोवीसशेने घटते आणि घरात चार साड्या वाढतात. बरं, साडी नुसती नेसता येत नाही. फॉल-पिको करायचा, ब्लाउज शिवायचा, अस्तर घ्यायचं. आमच्याकडच्या भावाने तीनेकशे रुपये तिथेच जातात. म्हणजे भेट मिळालेली नेसायची तर पुन्हा भेटीएवढेच पैसे घालायचे. आवळा देऊन कोहळा काढणं म्हणतात ते हे. आणि आमचा आवळाही असा की घेणाऱ्याने स्वतः साखर घालून मुरवायचा.

त्या साड्यांचं पुढे काय होतं तेही मला माहीत आहे, कारण माझ्या सासूबाईंच्या पेटीतही तशाच साड्या आहेत. लग्नसराईत आहेर म्हणून त्या पुढे सरकतात. आहेर घेणारीच्या पेटीत जातात, तिथून आणखी पुढे. काही साड्या जन्मभर नेसल्याच जात नाहीत.

आणि मी? माझ्या त्याच पंधरा दिवसांचा पगार कोणी कापला नव्हता. वर सण अग्रिमाचा अर्ज भरून झाला होता. सुट्टी माझी, पगार माझा, आणि त्या सुट्टीचा खर्च मात्र खालाच्या खिशातून. हे लिहायला मला तीन वर्षं लागली.

आता ‘घरच्यासारखी’. मराठीत ह्या ‘सारखी’ने फार कामं केली आहेत. घरच्या माणसाला फी नसते आणि घरच्या माणसाचे खाडेही कापत नाहीत. माझ्या जावेने दोन दिवस मुलीला सांभाळलं नाही म्हणून तिच्या ओवाळणीतून मी पैसे कमी करत नाही. खालाला हा न्याय लावायचा का? लावा, माझी हरकत नाही. मग तिच्या नातवाच्या शाळेची फी भरायला जा, तिच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दवाखान्यात रात्र काढा, तिच्या जमिनीच्या वादात तलाठ्याकडे चकरा मारा. घरची माणसं हे करतात. आपण कापाकापी करताना तिला कामवाली धरतो आणि बोनसचं नाव निघालं की घरची करतो. दोन्हीकडे फायदा आपलाच.

“माय मरो पण मावशी जगो” ही म्हण त्या सरांनी पुढे केली. खाला म्हणजे मावशीच, अर्थानेही. पण म्हणीतल्या मावशीकडे लेकरू पडतं ते माय गेल्यावर. इथे माय सकाळी साडेनऊला एसटी पकडायला गेलेली असते आणि महिन्याच्या एक तारखेला तिच्या खात्यात पगार जमा होतो. म्हण चांगली आहे, बसत नाही.

‘तिलाच कसंतरी होईल’ हे तर मला नेहमीच गमतीचं वाटतं. पैशाने कसंतरी होतं हे पैसे न देणाऱ्यालाच नेहमी कसं कळतं? मी खालाला विचारलं. सरळ विचारलं, की साडी हवी का पैसे. ती पोळीचा घास कालवून एका पोराला भरवत होती, मान वर न करता म्हणाली, “साडी नका आणू ताई. गेल्या सालची बी तशीच हाय.” दोन वाक्यं. त्यात अपमान वगैरे कुठे नव्हता.

मालकाने आपण होऊन दिलं तर आपुलकी, चाकराने मागितलं तर हाव, हा वाद आपल्याकडे जुना आहे. दिवाळीला गडीमाणसांना, पोस्टमनला, धोब्याला काही देण्याला आपल्या आधीच्या पिढ्या ‘पोस्त’ म्हणत. पोस्त मागायला यायचे लोक, आणि मागायला आले की घरातली मोठी माणसं जरा ताठ व्हायची. मुंबईच्या गिरण्यांमध्ये हाच खेळ मोठ्या प्रमाणावर झाला. पहिल्या महायुद्धात गिरणीमालकांना रग्गड नफा झाला, महागाईने कामगार मेटाकुटीला आले, तेव्हा 1917 पासून मालकांनी बोनस द्यायला सुरुवात केली. काही वर्षं तो नेमाने मिळाला. नफा आटला तसा 1923 साली मालकांनी हात आखडला. जानेवारी 1924 मध्ये सुमारे दीड लाख कामगार संपावर गेले. सरकारने मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिओड यांची समिती नेमली. समितीने काय सांगितलं? की रिवाज म्हणून, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने, कशानेही ह्या बोनसवर कामगारांचा हक्क ठरत नाही. मालक खूश होते तेव्हा त्यांनी दिलं, इतकंच. संप मोडला.

माझ्या सहकारी मॅडमचं “एकदा दिलं की दरवर्षीचं झालं” हे वाक्य मला त्या गिरणीमालकांच्या तोंडी सहज ऐकू येतं. त्यांनाही हीच भीती होती. ती खरी ठरायला चाळीस वर्षं लागली, पण ठरली. 1965 साली बोनसचा कायदा झाला. त्या कायद्यात किमान बोनस पुढे 8.33 टक्के ठरला, म्हणजे बारा महिन्यांच्या पगाराचा बारावा हिस्सा, साध्या भाषेत तेरावा पगार. जे कृपेने मिळत होतं ते हिशेबात आलं. गिरणीतल्या कामगाराला त्यामुळे कसंतरी झाल्याचं ऐकिवात नाही. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 साली संप केला, पगारवाढ मागितली, भरपगारी रजा मागितली. आज पुण्या-मुंबईत धुणंभांडी करणारीला दिवाळीला महिन्याचा पगार देतात तेव्हा कुणी तिला कंपनी म्हणत नाही. तिथला भाव आधीच कोणीतरी बिघडवून ठेवलेला आहे.

शहराचं सोडा म्हणणाऱ्यांसाठी आपल्याच शिवारातलं सांगते. आपल्याकडे सालदार ठेवताना काय ठरवतात? साल किती, धान्य किती पायल्या, आणि पोळ्याला कपडे. पोळ्याला सालदाराला नवं धोतर-बंडी मिळायची, आता पँट-शर्ट. बैलाच्या पुढे उभा राहताना गडी नव्या कपड्यात असला पाहिजे, हा त्यात मालकाचाही मान. पण ते कपडे साल ठरवतानाच ठरलेले असत. श्रावणात मालकाच्या मनात प्रेम दाटून आलं तर द्यायचे, असं नव्हतं. सालदारी फार न्यायाची होती असं कोणी समजू नये, तिच्यात माणूस वर्षाकाठी विकलेला असे. तरी तेवढी एक गोष्ट त्या अशिक्षित करारात होती आणि आमच्या बीएड-डीएड घरांत नाही.

2025 च्या हंगामात सोयाबीन पाण्यात गेलं हे मलाही दिसलं. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5,328 रुपये जाहीर झाला आणि बाजार समितीत त्याच्या कितीतरी खाली बोली लागली, तेव्हा आमच्या जिल्ह्यात रस्ते अडले. शेतकऱ्याने तेव्हा काय मागितलं? शरद जोशींनी 1979 मध्ये शेतकरी संघटना काढली तेव्हापासून जे मागतो आहे तेच: भीक नको, हवे घामाचे दाम. अनुदानाची रक्कम हातावर टेकवून सरकारने बोळवण केली की आपण संतापतो, आणि तो संताप रास्त आहे. मग त्याच घरातला माणूस खालाच्या बाबतीत सरकारसारखा का बोलतो? ओसरीवर दिवसभर सहा लेकरांचे शेंबूड पुसण्यात, कुणी विळ्याला हात घालतंय का, कुणी तोंडात खडा घालतंय का ते बघण्यात घाम नसतो का? हमीभाव मागायचा आणि साडी द्यायची, हे एका तोंडाने जमत नाही.

सरकारचं नाव निघालंच आहे तर ह्या खेळात सरकार कसं खेळतं ते पाहू, कारण आपण सगळे त्याचीच नक्कल करतो आहोत. 2 ऑक्टोबर 1975 ला एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, आपल्या राज्यात मुंबईच्या धारावीत आणि मेळघाटातल्या धारणीत. अंगणवाडी हा शब्द मात्र त्याच्याही आधीचा. 1945 मध्ये ताराबाई मोडकांनी बोर्डीला काम सुरू केलं, शाळेत न येणाऱ्या मुलांच्या अंगणात त्या शाळा घेऊन गेल्या. घराचं अंगण आणि लेकरांची सोय, खालाची ओसरी त्याच वाटेवरची आहे. सरकारने ह्या अंगणातल्या बाईला ‘सेविका’ म्हटलं आणि तिच्या पगाराला ‘मानधन’. मान आणि धन दोन्ही शब्द एकाच जागी बसवले की दोन्ही थोडे थोडे दिले तरी चालतात. ऑक्टोबर 2024 पासून सेविकेला महिना 13,000 आणि मदतनिसीला 7,500, वर कामावर बेतलेला प्रोत्साहन भत्ता. आणि दिवाळीला 2,000 रुपये. त्याचं नाव ‘भाऊबीज भेट’. 2025 च्या दिवाळीसाठी राज्याने त्यापोटी 40 कोटी 61 लाख मंजूर केले.

नाव नीट ऐका. भाऊबीज. भाऊ पाटावर बसतो, बहीण ओवाळते, भाऊ तबकात काही ठेवतो. काय ठेवलं हे बहिणीने त्याच्यासमोर बघायचं नसतं, मोजायचं तर नाहीच. कमी वाटलं तरी “असू दे रे” म्हणायचं असतं. गेल्या वर्षी एवढं घातलंस, यंदा का नाही, असं विचारणारी बहीण लोभी ठरते. घरातल्या नात्यात ही रीत गोड आहे, मीही माझ्या भावाला ओवाळते आणि तबकाकडे बघत नाही. पण दोन लाख बायकांच्या बोनसला हे नाव दिलं की ती रीतही नावाबरोबर येते. 1965 च्या बोनसच्या कायद्यात हिशेबासाठी धरायची मर्यादा महिना किमान सात हजारांची होती. तेवढ्यावरच 8.33 टक्के काढले तरी वर्षाचे जवळपास सात हजार होतात. सेविकेला मिळतात दोन. उरलेले पाच हजार भावाच्या प्रेमात गेले.

आणि हा भाऊ काय करतो? मार्च 2018 मध्ये त्याने ह्याच बहिणींना मेस्मा लावला होता. अत्यावश्यक सेवा, संप करायचा नाही. विधिमंडळात गदारोळ झाला तेव्हा स्थगिती दिली. काम थांबतं तेव्हा अत्यावश्यक, पगार मागतात तेव्हा मानसेवी. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यातल्या सेविका-मदतनिसी संपावर होत्या, तो जानेवारीच्या अखेरीस मिटला. त्यांच्या मागण्यांत मानधनवाढ होती, पेन्शन होती, ग्रॅच्युइटी होती. ग्रॅच्युइटीवर तर सुप्रीम कोर्टाने 25 एप्रिल 2022 लाच निकाल दिला होता की 1972 चा ग्रॅच्युइटी कायदा अंगणवाडीच्या सेविका-मदतनिसींना लागू होतो. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगाराचा एक हक्क दिला आणि त्या पुन्हा थंडीत रस्त्यावर बसून तोच मागत होत्या.

माझ्या ओळखीच्या सेविकांना भाऊबीज भेट नको आहे का? हवी आहे. वेळेवर हवी आहे, वाढवून हवी आहे. दोन हजार दोन हजारच असतात, नावावरून कोणी ते परत करत नाही. मला फक्त एवढंच दिसतं की सरकार ‘भाऊबीज’ म्हणतं आणि आमचे सर ‘आपुलकी’ म्हणतात तेव्हा दोघेही एकच दार लावून घेत असतात. त्या दारावर मोजणाऱ्या बाईला उभं राहता येत नाही.

मग भेट वाईटच का? असं म्हणणाऱ्यांचाही एक पंथ आहे. त्यांच्या मते कोणीच कोणाला काही देऊ नये, फी द्यावी, लेकरू घ्यावं, चालू लागावं. त्यांच्याशीही माझं पटत नाही.

रमजान ईदला खाला सहाही लेकरांना ईदी देते. दहाची कोरी नोट, प्रत्येकाच्या मुठीत, मूठ मिटून. आणि प्रत्येक घरी शीरखुर्म्याचा स्टीलचा डबा. सेवया, दूध, खारीक, चारोळी. खारकेचे तुकडे इतके बारीक की लहान पोराच्या घशात अडकू नयेत. ह्या भेटीमागे पुढच्या महिन्याच्या फीवर डोळा असतो, असंही मी ऐकलं आहे. दहा रुपयांच्या नोटेने बाराशेची फी वाढवता येते असं ज्याला वाटतं त्याला बाजारातलं काही कळत नाही, आणि लेकरांतलंही.

आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत करत नाहीत. काही नाही तर चिमूटभर साखर घालून देतात. ज्यांनी आम्हाला हे शिकवलं त्या बायका शाळेत गेल्या नव्हत्या. एका ईदला मी लेकरू आणायला गेले तेव्हा खाला परत आलेले डबे मांडणीवर लावत होती. एकात गूळ-शेंगदाणे होते, एकात पेढा, माझ्या डब्यात मी रव्याचे दोन लाडू घातले होते. एक डबा स्वच्छ घासून, पुसून, रिकामा आला होता. खालाने झाकण उघडून पाहिलं, पुन्हा लावलं, आणि डबा बाकीच्यांच्या रांगेत ठेवला. त्या घरी शीरखुर्मा कोणी खाल्ला की नाही हे मी विचारलं नाही. खाला घरच्यासारखी आहे असं त्या घरची बाई मला दोनदा म्हणाली होती.

तर भेट असावी. भेटीला बरोबरी लागत नाही, दहाच्या नोटेला दोन लाडू चालतात, चिमूटभर साखरही चालते. मजुरीला बरोबरी लागते. चिमूटभर साखर घालून मजुरी फेडता येत नाही, आणि आमचा सगळा गोंधळ हे दोन डबे एकाच झाकणाने बंद करण्यात आहे.

एक कारण मात्र कोणी मोठ्याने सांगत नाही. साडी जरा बरी दिली तर आपल्या लेकराकडे जास्त लक्ष देईल. सहाशेची दिली तर तीनशेवालीच्या पोरापेक्षा आपल्या पोराचं लंगोट लवकर बदलेल. हे आपुलकीच्या नावाखाली चालतं म्हणून मला तो शब्द आता नको होतो. कारण खालाकडच्या सहांत दोन लेकरं मजुरीला जाणाऱ्या बायकांची आहेत. सोंगणीच्या, वेचणीच्या दिवसांत त्या अंधारातच लेकरू आणून टाकतात. त्या बायका महिन्याची फी देत नाहीत, रोजाचे देतात, कधी देतात, कधी तुरीच्या शेंगा आणतात. साड्यांची चढाओढ लागली की ह्या दोघी आपोआप मागे पडतात आणि त्यांना ते कळतं. त्यापेक्षा ज्याने त्याने आपल्या एका महिन्याएवढं द्यावं. माझे बाराशे, दुसरीचे तिच्या फीएवढे. मग कोणाची साडी भारी हा प्रश्न ओसरीवर येत नाही.

“मग त्या मजूर बायांनीही एक महिना द्यावा का?” असं मला विचारलं गेलं. विचारणाऱ्याला वाटलं मी अडकले. त्यांच्याकडून नाही, त्यांच्या वतीने सरकारने द्यावा. आणि हे मी हवेत बोलत नाही. 2005 च्या रोजगार हमी कायद्याच्या अनुसूचीत लिहिलं होतं की कामावर आलेल्या बायकांबरोबर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं, आणि तिला इतरांएवढीच मजुरी द्यायची. इतरांएवढीच. खडी फोडणारीचा जो रोज, तोच लेकरं बघणारीचा. ज्या राज्याने रोजगार हमी देशाला शिकवली त्याला हा हिशेब कळत होता. सहा महिन्यांपासूनच्या मुलांसाठी अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची ‘पाळणा’ योजना 2022 पासून केंद्राने आखली, देशभरात 17,000 पाळणाघरांचं लक्ष्य ठेवून. आमच्या गल्लीतल्या मजूर बाईला त्यातलं काही मिळेपर्यंत तिचं लेकरू खालाच सांभाळणार आहे, तुरीच्या शेंगांवर. म्हणजे सरकारच्या वाटणीची सूटही खालाच देते. त्यात पगारदारांनी आपली कापाकापी घालायची का, एवढंच आपल्या हातात आहे.

एक आक्षेप मी मान्य करते. बोनस मागणारीने कामही चोख करावं, महिन्याची पावती द्यावी, आजारी लेकरू वेगळं ठेवावं, आपण कधी सुट्टी घेणार ते आधी सांगावं, असं ते सर म्हणाले. बरोबर आहे. हे सगळं ठरवून, बोलून घ्यावं. पण बोलायला बसलं की तीही बोलणार. साडेपाचची वेळ आणि आपण येतो सव्वासहाला, त्याचं काय? रविवारी लग्नाला जायचंय म्हणून अर्ध्या तासाच्या निरोपावर लेकरू टाकतो, त्याचं काय? आपुलकीत हे प्रश्न विचारता येत नाहीत. आपल्याला आपुलकी आवडते त्याचं एक कारण तेही असावं.

गेल्या दिवाळीला मी साडी घेतली नाही. वसुबारसेच्या आदल्या दिवशी त्या महिन्याचे पूर्ण बाराशे एका पाकिटात आणि बोनसचे बाराशे दुसऱ्या पाकिटात घालून गेले. बरोबर चिवडा आणि अनारसे. खालाने फराळाचा डबा नातीकडे दिला. पाकिटं मात्र तिथेच उघडली, दोन्ही, आणि माझ्यासमोर नोटा मोजल्या. अंगठ्याला थुंकी लावून, सावकाश, एकदा आणि पुन्हा एकदा.

मग फडताळातून तिची वही काढली. सहा घरांचा हिशेब तीत उर्दूत लिहिलेला, नातीच्या हातचा. माझ्या नावाचं पान उघडून पेन माझ्याकडे सरकवलं.

“तुमच्या हातानं मराठीत लिहा ताई. बोनस म्हणून लिहा.”

मी लिहिलं.

“आता तारीख बी टाका. पुढच्या सालाले दाखवाले लागते.”